राष्ट्र, शर्यत आणि राष्ट्रगीत : पूर्व जर्मन मोटारसायकल ग्रां प्रीचा इतिहास (१९६१ ते १९७२)

प्रस्तावना

आधुनिक क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासात ऑलिम्पिक, फुटबॉल आणि क्रिकेट यांना जे स्थान लाभले आहे, ते मोटारसायकल शर्यतींना लाभलेले नाही. यंत्र आणि वेग यांचा हा खेळ केवळ हौशी लोकांचा विषय आहे, असे मानण्याकडे कल दिसतो. तथापि 'ग्रां प्री' या शर्यतीचे नावच मुळी राष्ट्राशी जोडलेले असते. ब्रिटिश ग्रां प्री, इटालियन ग्रां प्री, फिनिश ग्रां प्री या नावांतून यजमान राष्ट्र जगासमोर उभे राहते. विजेत्याच्या देशाचा ध्वज फडकतो, राष्ट्रगीत वाजते आणि यजमान राष्ट्राला त्या दोहोंचा मान राखावा लागतो. परंतु ज्या राष्ट्राचे अस्तित्वच वादग्रस्त आहे, त्याने अशी शर्यत भरवली तर काय घडते? पूर्व जर्मनीच्या, म्हणजेच जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाच्या मोटारसायकल ग्रां प्रीचा इतिहास या प्रश्नाचे मार्मिक उत्तर देतो.

विश्व अजिंक्यपदाची फेरी म्हणून ही शर्यत १९६१ ते १९७२ अशी अवघी बारा वर्षे झाली. परंतु या बारा वर्षांत बर्लिनची भिंत, दोन जर्मन राज्यांतील मान्यतेचा संघर्ष, तंत्रज्ञानाचे पूर्वेकडून अन्यत्र झालेले स्थलांतर आणि जनतेच्या मनातील राष्ट्रकल्पना हे सर्व विषय त्या शर्यतमार्गावर एकवटलेले दिसतात.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) पूर्व जर्मन ग्रां प्रीच्या उदयाची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) या शर्यतीचा शीतयुद्धकालीन राजकारणाशी असलेला संबंध तपासणे.
३) शर्यतीचा विश्व अजिंक्यपदाचा दर्जा संपुष्टात येण्याच्या कारणांची मीमांसा करणे.

१. झाक्सनरिंग : प्रदेश आणि परंपरा

पूर्व जर्मन ग्रां प्री ज्या झाक्सनरिंग या शर्यतमार्गावर भरत असे, तो सॅक्सनी प्रांतातील होहेनश्टाइन-एर्न्स्टथाल या गावाजवळ आहे. केमनित्झ हे मोठे औद्योगिक शहर तेथून जवळच आहे. १९५३ ते १९९० या काळात त्याचे नाव 'कार्ल-मार्क्स-श्टाट' असे होते. येथील पहिली शर्यत १९२७ मध्ये झाली. त्यासाठी स्वतंत्र मार्ग बांधण्यात आला नव्हता. नेहमीच्या रहदारीचे रस्ते तेवढ्यापुरते बंद करून सुमारे पावणेनऊ किलोमीटरचा फेरा आखण्यात आला. हा फेरा गावातील घरांच्या रांगांमधून जाऊन पुढे चढणीला आणि झाडीला लागत असे. गावकऱ्यांना घराच्या खिडकीतून किंवा परसातून शर्यत दिसत असे. १९३४ मध्ये जर्मन ग्रां प्री येथे आली आणि १९३७ मध्ये या मार्गाला 'झाक्सनरिंग' हे नाव मिळाले. नाझी राजवटीनेही या शर्यतींचा प्रचारासाठी वापर करून घेतला. म्हणजेच राज्यसत्तेने या मार्गावर हक्क सांगण्याची प्रथा पूर्व जर्मनीच्या स्थापनेपूर्वीच रूढ झाली होती.

प्रदेशाचे औद्योगिक महत्त्वही लक्षात घेतले पाहिजे. केमनित्झच्या दक्षिणेकडील चोपाऊ या गावी डॅनिश उद्योजक यॉर्गन स्काफ्टे रासमुसेन यांचा डीकेडब्ल्यू हा कारखाना होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो जगातील सर्वांत मोठ्या मोटारसायकल उत्पादकांपैकी एक होता आणि टू-स्ट्रोक इंजिन ही त्याची ओळख होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत प्रशासनाने या कारखान्याची यंत्रसामग्री नेली. डीकेडब्ल्यू हे नाव आणि व्यवसाय पश्चिम जर्मनीत पुन्हा उभा राहिला. चोपाऊ येथे उरलेल्या कारखान्याचे राष्ट्रीयीकरण होऊन पुढे तो 'एमझेड' या नावाने ओळखला जाऊ लागला. एकाच कारखान्याचे दोन जर्मन राज्यांत झालेले हे विभाजन त्या काळाच्या इतिहासाचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणता येईल.

झाक्सनरिंगवर १९४९ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांना प्रचंड प्रतिसाद मिळाला. करमणुकीची साधने अपुरी असलेल्या त्या काळात लाखो लोक या शर्यतीसाठी जमत. या गर्दीचे मूळ लोकपरंपरेत होते. राजवटीला ती आयतीच लाभली होती. पुढील घटनांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते.

२. विश्व अजिंक्यपदाचा दर्जा आणि मान्यतेचा प्रश्न

आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९४९ मध्ये विश्व अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. पश्चिम जर्मनीला त्या स्पर्धेतील फेरी १९५२ मध्ये मिळाली. पूर्व जर्मनीला मात्र १९६१ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी एकाच विश्व अजिंक्यपदात दोन जर्मन ग्रां प्री झाल्या. एक पश्चिमेकडील हॉकेनहाइम येथे झाली आणि दुसरी पूर्वेकडील झाक्सनरिंगवर झाली.

या घटनेचे महत्त्व तत्कालीन राजनैतिक परिस्थितीच्या संदर्भात कळते. पश्चिम जर्मनीचे सरकार पूर्व जर्मनीला स्वतंत्र राज्य मानण्यास तयार नव्हते. पूर्व जर्मनीला मान्यता देणाऱ्या देशाशी संबंध तोडण्याचे हॉलश्टाइन धोरण अमलात होते. ऑलिम्पिकमध्येही १९५६ ते १९६४ या काळात दोन्ही जर्मनींचा एकच संयुक्त संघ उतरत असे. अशा वेळी विश्व अजिंक्यपदाच्या वेळापत्रकात स्वतंत्र 'पूर्व जर्मन ग्रां प्री' छापली जाणे ही पूर्व बर्लिनच्या दृष्टीने मोठी कमाई होती. जी मान्यता दूतावासांमार्फत मिळत नव्हती, ती निदान क्रीडा महासंघाच्या कागदावर तरी मिळत होती.

३० जुलै १९६१ रोजी ही पहिली शर्यत झाली. १२५ सी.सी. गटात पूर्व जर्मनीच्याच अर्न्स्ट डेग्नर याने एमझेडवर विजय मिळवला. घरचा स्वार, घरचे यंत्र आणि घरची शर्यत असा तिहेरी योग जुळून आला होता. २५० सी.सी. गटात होंडावरील माइक हेलवुड, तर ३५० आणि ५०० सी.सी. गटांत एमव्ही अगुस्तावरील गॅरी हॉकिंग विजयी झाले. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, १३ ऑगस्ट १९६१ रोजी, बर्लिनची सीमा बंद करण्यात आली आणि भिंतीची उभारणी सुरू झाली.

३. काडेन, डेग्नर आणि तंत्रज्ञानाचे स्थलांतर

एमझेडच्या यशामागे वाल्टर काडेन या अभियंत्याची प्रतिभा होती. टू-स्ट्रोक इंजिनात झडपांची गुंतागुंतीची रचना नसते. त्यामुळे ते साधे आणि स्वस्त असते. परंतु त्यात जळालेला वायू बाहेर पडताना ताज्या मिश्रणाचा काही भागही वाया जातो. काडेन यांनी एक्झॉस्ट नळीच्या आकारावर दीर्घकाळ प्रयोग केले. नळी आधी रुंदावत आणि नंतर निमुळती होत गेली, तर आतील वायूच्या दाबलहरींचा उपयोग करून घेता येतो. रुंदावणाऱ्या भागामुळे जळालेला वायू ओढला जातो. निमुळत्या भागावरून परतणारी लहर निसटू पाहणारे ताजे मिश्रण ऐनवेळी पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. या कल्पनेची सुरुवात इतरत्र झाली होती. तिला फिरत्या चकतीच्या झडपेची जोड देऊन शर्यतीच्या कसोटीवर उतरवण्याचे श्रेय मात्र काडेन यांच्याकडे जाते. १९६१ पर्यंत एमझेडचे १२५ सी.सी. इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देऊ लागले. हे प्रमाण लिटरमागे २०० अश्वशक्ती इतके होते. बाहेरून दाबाने हवा न पुरवता एवढी शक्ती मिळवणे त्या काळी अपूर्व मानले गेले. साधनसामग्री तुटपुंजी असलेल्या कारखान्यात हे घडले, हे विशेष होय.

१९६१ च्या मोसमात डेग्नर विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. सप्टेंबरच्या आरंभी त्याने मोंझा येथील शर्यत जिंकली. १७ सप्टेंबर रोजी स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड येथे विजय मिळाला असता, तर अजिंक्यपद निश्चित झाले असते. परंतु तेथे त्याचे इंजिन बिघडले आणि त्यानंतर तो पूर्व जर्मनीस परतलाच नाही. त्याच सुमारास त्याच्या पत्नीला आणि मुलांना गुप्तपणे पश्चिमेकडे आणण्यात आले. त्या वर्षीचे विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिस याच्याकडे गेले.

डेग्नर जपानच्या सुझुकी कंपनीत दाखल झाला आणि काडेन यांच्या संशोधनाचे ज्ञान त्याच्यासोबत गेले. १९६२ मध्ये त्याने ५० सी.सी. गटाचे विश्वविजेतेपद सुझुकीला मिळवून दिले. हे त्या कंपनीचे पहिले विश्वविजेतेपद होते. पुढे टू-स्ट्रोक तंत्राचा प्रभाव एवढा वाढला की १९७५ ते २००१ या काळातील ५०० सी.सी. गटाची सर्व विश्वविजेतेपदे टू-स्ट्रोक यंत्रांनी जिंकली. चोपाऊ येथे जन्मलेल्या तंत्राचे आर्थिक फळ मात्र प्रामुख्याने जपानी कंपन्यांना मिळाले.

डेग्नरला 'देशद्रोही' किंवा 'स्वातंत्र्याचा प्रवासी' यांपैकी एका चौकटीत बसवणे सोपे आहे. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंनी तसेच केले. वस्तुतः भिंतीने ज्या हजारो लोकांपुढे एका रात्रीत अंतिम निवडीचा प्रश्न उभा केला, त्यांपैकी तो एक होता. त्याच्या निवडीची किंमत काडेन यांनाही मोजावी लागली. त्यांचे अनेक वर्षांचे परिश्रम स्पर्धकांच्या हाती गेले. काडेन स्वतः मात्र अखेरपर्यंत सॅक्सनीतच राहिले आणि १९९६ मध्ये निधन पावले.

४. जग दारी येते : १९६२ ते १९७०

बर्लिनची भिंत उभी राहिल्यानंतर पूर्व जर्मन खेळाडूंना नाटो देशांत प्रवेश मिळणे अवघड झाले. पश्चिम बर्लिनमधील दोस्त राष्ट्रांच्या प्रवास कार्यालयाकडून मिळणाऱ्या प्रवासपत्रांवर बंधने आली. दुसरीकडे डेग्नर प्रकरणानंतर स्वतःच्या स्वारांना बाहेर पाठवण्याबाबत पूर्व जर्मन सत्ताही साशंक झाली. परिणामी एमझेडने आपली यंत्रे परदेशी स्वारांच्या हाती सोपवण्याचा मार्ग स्वीकारला. १९६३ मध्ये माइक हेलवुड याने झाक्सनरिंगवर एकाच दिवशी तीन शर्यती जिंकल्या. ३५० आणि ५०० सी.सी. गटांत तो एमव्ही अगुस्तावर होता. २५० सी.सी. गटात मात्र त्याने एमझेड चालवली. घरच्या यंत्रावर इंग्रज स्वार विजयी झाला आणि सॅक्सनीच्या प्रेक्षकांनी तो विजय आपलाच मानला.

या दशकात फिल रीड, जिम रेडमन, लुइजी तावेरी, जाकोमो अगोस्तिनी असे जगातील अग्रगण्य स्वार झाक्सनरिंगवर आले. १९६६ मध्ये ५०० सी.सी. गटात चेकोस्लोव्हाकियाच्या फ्रांतिशेक श्त्यास्त्नी याने जावावर विजय मिळवला. म्हैसूरमधील उत्पादनामुळे जावा हे नाव त्याच दशकात भारतीय रस्त्यांवरही परिचित झाले होते. १९६७ ते १९७२ या सहा वर्षांत ५०० सी.सी. गटावर अगोस्तिनीचे एकछत्री वर्चस्व राहिले. या वैभवाला दुःखाची किनारही होती. १२५ सी.सी. गटाचा माजी विश्वविजेता बिल आयव्ही जुलै १९६९ मध्ये येथे सराव करताना जावावरून पडून मृत्यू पावला.

येथे एक विरोधाभास नोंदवला पाहिजे. भिंतीमुळे पूर्व जर्मन नागरिकाला जगात जाता येत नव्हते. परंतु वर्षातून एकदा जग त्याच्या गावात येत होते. होंडा, यामाहा, एमव्ही अगुस्ता ही यंत्रे आणि ती चालवणारी माणसे त्याला प्रत्यक्ष पाहता येत होती. राजवटीने राष्ट्रीय प्रतिष्ठेसाठी आणलेली ही शर्यत प्रेक्षकांच्या दृष्टीने बंद घराची उघडी खिडकी झाली होती.

५. १९७१ : एक विजय आणि एक राष्ट्रगीत

जुलै १९७१ मधील शर्यतीपूर्वी दोनच महिने एरिश होनेकर यांच्याकडे सत्ताधारी पक्षाचे नेतृत्व आले होते. पूर्व जर्मनी हे पश्चिमेपासून सर्वस्वी वेगळे समाजवादी राष्ट्र आहे, असे ठसवण्याचे विलगीकरणाचे धोरण या काळात अधिक तीव्र झाले. पूर्व जर्मनीच्या स्वतःच्या राष्ट्रगीतात अखंड जर्मन पितृभूमीचा उल्लेख होता. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून त्याचे शब्द गाणेच बंद झाले आणि केवळ धून वाजवली जाऊ लागली.

या पार्श्वभूमीवर २५० सी.सी. गटाची शर्यत पश्चिम जर्मनीच्या डीटर ब्राउन याने यामाहावर जिंकली. नियमानुसार विजेत्याच्या देशाचे राष्ट्रगीत वाजवणे आयोजकांना भाग होते. पश्चिम जर्मनीचे राष्ट्रगीत पूर्व जर्मनीच्या भूमीवर, प्रचंड जनसमुदायासमोर वाजले आणि प्रेक्षकांनी आपला सूर त्यात मिसळला. एखाद्या सभेत हेच गीत गायले असते, तर त्याची गणना राज्यविरोधी कृत्यात झाली असती. शर्यतीच्या मैदानावर मात्र राज्यानेच ते वाजवले होते. त्यामुळे गाणाऱ्यांना अटकाव कोणत्या नियमाने करावा, हा प्रश्नच होता.

या घटनेचा अर्थ लावताना संयम बाळगणे आवश्यक आहे. गाणाऱ्या प्रत्येकाला राजकीय ऐक्य अभिप्रेत होते, असे म्हणता येणार नाही. काहींना केवळ आपल्या भाषेतील स्वार जिंकल्याचा आनंद झाला असेल, तर काहींना मनाई असलेली गोष्ट उघडपणे करण्याचे समाधान लाभले असेल. तथापि दोन वेगळी राष्ट्रे आहेत, हा सरकारी सिद्धान्त त्या काही मिनिटांत लोकांनी मानला नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

६. समाप्तीची कारणमीमांसा

जुलै १९७२ ची शर्यत ही विश्व अजिंक्यपदातील अखेरची पूर्व जर्मन ग्रां प्री ठरली. त्यानंतर झाक्सनरिंगवर शर्यती होत राहिल्या, परंतु त्यांचे दार पाश्चात्त्य स्वारांसाठी बंद झाले आणि त्या समाजवादी देशांच्या स्वारांपुरत्या मर्यादित झाल्या. असे का घडले, याची तीन स्पष्टीकरणे संभवतात.

पहिले स्पष्टीकरण सुरक्षिततेचे आहे. गावातून जाणारा हा मार्ग धोकादायक होता, यात शंका नाही. परंतु चेकोस्लोव्हाकियातील बर्नो आणि फिनलंडमधील इमात्रा येथेही सार्वजनिक रस्त्यांवरच शर्यती होत होत्या. त्या दोन्ही ठिकाणी विश्व अजिंक्यपदाच्या फेऱ्या १९८२ पर्यंत चालू राहिल्या. शिवाय झाक्सनरिंगवरील शर्यती थांबल्या नाहीत, फक्त त्यांतील पाश्चात्त्य स्वार थांबले. त्यामुळे हे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

दुसरे स्पष्टीकरण आर्थिक आणि क्रीडाधोरणात्मक आहे. १९६९ मध्ये पूर्व जर्मनीने ऑलिम्पिक पदके मिळवून देणाऱ्या खेळांवर साधनसंपत्ती केंद्रित करण्याचा निर्णय घेतला. मोटारसायकल शर्यत ऑलिम्पिक खेळ नसल्याने तिचे महत्त्व घटले. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पूर्व जर्मनीने स्वतःच्या ध्वजाखाली २० सुवर्णपदके जिंकून तिसरे स्थान मिळवले. प्रतिष्ठेचे याहून खात्रीचे साधन हाती आले होते. हे कारण सबळ आहे. परंतु स्पर्धा दुर्लक्षित का झाली, एवढेच ते सांगते. पाश्चात्त्यांना दार का बंद झाले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

तिसरे स्पष्टीकरण राष्ट्रप्रश्नाचे आहे आणि बर्नोशी केलेली तुलना त्याला पुष्टी देते. चेकोस्लोव्हाकियातही साम्यवादी राजवट होती आणि १९६८ नंतर ती अधिक कठोर झाली होती. तरीही तेथील ग्रां प्री बंद झाली नाही. बर्नो येथे पश्चिम जर्मन किंवा इटालियन स्वार जिंकला, तर वाजणारे गीत परक्या देशाचे असे. झाक्सनरिंगवर मात्र पश्चिम जर्मन स्वार जिंकताच वाजणारे गीत प्रेक्षकांच्या मातृभाषेतले असे. केवळ साम्यवादी बंदिस्तपणाने या समाप्तीचा उलगडा होत नाही. जर्मन प्रश्न हेच तिचे निर्णायक कारण होते, असे म्हणावे लागते.

कालक्रमही बोलका आहे. २१ डिसेंबर १९७२ रोजी दोन्ही जर्मनींमधील मूलभूत करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १८ सप्टेंबर १९७३ रोजी दोन्ही राज्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्य झाली. ज्या मान्यतेसाठी ग्रां प्री उपयुक्त होती, ती आता राजनैतिक मार्गाने प्राप्त झाली होती. उपयोग संपला होता आणि धोका मात्र उरला होता.

७. उत्तरार्ध

झाक्सनरिंगच्या जुन्या मार्गावरील शर्यती १९९० मध्ये प्राणघातक अपघातांनंतर थांबल्या. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी जर्मनीचे एकीकरण झाले. पुढे त्याच परिसरात बंदिस्त स्वरूपाचा नवा, आखूड मार्ग बांधण्यात आला आणि १९९८ पासून जर्मन ग्रां प्री तेथे भरू लागली. १९७१ मध्ये जे राष्ट्रगीत राज्याला अडचणीचे वाटले, तेच आता यजमान राष्ट्राचे गीत झाले. एकीकरणाचे फळ सर्वांच्या वाट्याला मात्र सारखे आले नाही. खुल्या बाजारपेठेत एमझेडचा टिकाव लागला नाही. अनेक मालकबदलांनंतर २००८ मध्ये तेथील उत्पादन थांबले आणि पुनरुज्जीवनाचा प्रयत्नही पुढे अयशस्वी ठरला. शर्यत परतली, पण तिला यंत्र पुरवणारा कारखाना उरला नाही.

निष्कर्ष

१) पूर्व जर्मन ग्रां प्रीचा पाया राजवटीने घातला नव्हता. तो सॅक्सनीतील लोकपरंपरेत आणि औद्योगिक वारशात होता. राजवटीने त्यावर राष्ट्रीय प्रतिष्ठेची इमारत उभारली.

२) १९६१ मध्ये मिळालेला विश्व अजिंक्यपदाचा दर्जा हा राजनैतिक मान्यतेचा पर्याय म्हणून उपयोगी ठरला. १९७२-७३ मध्ये प्रत्यक्ष मान्यता मिळताच त्याची गरज संपली.

३) डेग्नर प्रकरण हे तंत्रज्ञान माणसासोबत सीमा ओलांडते याचे ठळक उदाहरण आहे. बंद सीमेने ज्ञानाची गळती थांबली नाही आणि ज्ञान निर्माण करणाऱ्यांना त्याचे फळही मिळाले नाही.

४) १९७१ च्या घटनेने राष्ट्रीय क्रीडासोहळ्याचे दुधारी स्वरूप उघड केले. राज्य शर्यत भरवू शकते, ध्वज उभारू शकते आणि राष्ट्रगीत वाजवू शकते. परंतु कोणत्या गीतात सूर मिसळायचा, हे अखेरीस प्रेक्षक ठरवतात.

क्रीडा-इतिहासाकडे निकालांची जंत्री म्हणून न पाहता राज्य आणि समाज यांच्यातील संवादाचे साधन म्हणून पाहिले, तर राजकीय दस्तऐवजांत न सापडणारे अनेक दुवे हाती लागतात. झाक्सनरिंगच्या बारा वर्षांचा इतिहास असाच एक दुवा आहे.